दर नव्या गोणीला कुत्र्याचं पोट का बिघडतं? परवडणारं आणि चांगलं खाद्य निवडताना

नवी गोणी उघडली की तिसऱ्या दिवशी शी पातळ. मग दहीभात, डॉक्टरांचं औषध, चार दिवसांत पोट ठीक. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. अशा वेळी कुणीतरी हमखास सांगतं, ‘स्वस्तातलं देताय म्हणून होतंय, इम्पोर्टेड घ्या.’ महिन्याचं बजेट मोडून इम्पोर्टेड आणलं, तर तिसऱ्या दिवशी पुन्हा पातळ शी. घरातले हैराण, आणि तो बिचारा दाराशी उभा राहून रात्री दोनला बाहेर नेण्यासाठी रडतोय.

या फेऱ्यात खाद्याचा दर्जा हे कारण असू शकतं, पण पहिला संशय त्याच्यावर घेऊ नका. बहुतेक घरांत दोष निघतो तो बदलाच्या घाईत, मापात, वरच्या खाण्यात किंवा गोणी ठेवण्याच्या पद्धतीत. या चार गोष्टी तपासायला पैसे लागत नाहीत. त्या झाल्या की मगच लेबल वाचायचं आणि खाद्य बदलायचं. हा क्रम उलटा केला की पैसे जातात आणि पोट आहे तिथेच राहतं.

आधी हे पाहा: घरी थांबायचं की डॉक्टरांकडे जायचं

पिल्लू सहा महिन्यांच्या आतलं आहे, लशी पूर्ण झालेल्या नाहीत, आणि उलट्या, जुलाब, खाणं बंद असं एकत्र दिसतंय, तर त्याच दिवशी डॉक्टर. पार्वो (पिल्लांना होणारा जुलाब-उलट्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) असेल तर काही तासांचाही फरक पडतो. मोठ्या कुत्र्यात शीमध्ये भरपूर रक्त, डांबरासारखी काळी शी, पोटाला हात लावू न देणं, हिरड्या कोरड्या आणि चिकट लागणं, किंवा दोन दिवसांत उतार न पडणं, यांपैकी काहीही दिसलं तर खाली लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा. माणसांच्या जुलाबाच्या किंवा तापाच्या गोळ्या मनाने देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन कुत्र्याला विषासारखं काम करतात.

कुत्रा खेळतोय, पाणी पितोय, भूक आहे, फक्त शी पातळ आहे, तर पुढे वाचा.

शी नीट बघायची

किळस वाटली तरी खाद्य पचतंय की नाही हे सांगणारी यापेक्षा चांगली खूण घरात मिळत नाही. चांगली शी लांबट, घट्ट आणि किंचित ओलसर असते. कागदाने उचलली तर आकार मोडत नाही आणि फरशीवर डाग राहत नाही. उचलल्यावर फरशीवर लेप राहतो ती मऊ. आकारच नाही, नुसता थापा पडलाय, ती पातळ. पांढरट, खडूसारखी कोरडी शी दिसली तर हाडं जास्त जातायत.

मोठ्या कुत्र्याला दिवसातून दोनदा, फार तर तीनदा होणं ठीक. त्याहून जास्त वेळा होत असेल तर प्रकार ओळखा. थोडी थोडी, वारंवार, कुंथून, शेंबडासारखा चिकट पदार्थ किंवा ताज्या रक्ताचा थेंब असेल तर त्रास मोठ्या आतड्यात आहे. ढिगाने होते, वास फार येतो आणि वजनही उतरतंय, तर लहान आतडं किंवा पचनाचा प्रश्न. डॉक्टरांना हा फरक सांगितलात तर त्यांचं अर्धं काम होतं. दहा दिवस एका वहीत तारीख, वेळ, शी कशी आणि त्या दिवशी पोटात काय काय गेलं एवढं लिहा. ‘काय काय’ म्हणजे आजोबांनी चहाबरोबर दिलेलं बिस्किटसुद्धा.

पहिला संशय: बदल एका रात्रीत झाला

कुत्र्याच्या आतड्यातले जीवाणू रोजच्या खाद्याला सरावलेले असतात. खाद्यातली चरबी, तंतू, प्रथिनाचा स्रोत एकदम बदलला की त्यांची घडी विस्कटते आणि शी पातळ होते. खाद्य चांगलं असलं तरी होते. म्हणूनच इम्पोर्टेड आणूनही तेच झालं.

बदल नऊ दिवसांत करायचा. समजा रोजचं माप ३०० ग्रॅम आहे. पहिले तीन दिवस जुनं २२५, नवं ७५. पुढचे तीन दिवस १५०-१५०. शेवटचे तीन दिवस जुनं ७५, नवं २२५. दहाव्या दिवशी सगळं नवं. मधे शी मऊ झाली तर पुढे जाऊ नका, त्याच टप्प्यावर आणखी दोन दिवस थांबा. याला जुनं खाद्य एकूण १३५० ग्रॅम लागतं, म्हणजे जुन्या गोणीत दीड किलो शिल्लक असतानाच नवी आणायची. गोणीचा तळ दिसल्यावर दुकानात धावणं आणि तिथे ‘तो ब्रँड संपलाय, हा घ्या’ म्हणून मिळेल ते आणणं, दर महिन्याच्या जुलाबाचं हे सगळ्यात साधं कारण आहे. पोट नाजूक असेल तर हाच बदल चौदा दिवसांवर न्या.

‘एकच एक खाऊन त्याला कंटाळा येत असेल’ म्हणून दर महिन्याला ब्रँड किंवा चव बदलू नका. ही हौस आपली असते. त्याला वेळेवर तेच ताट मिळालं की तो खूश असतो.

दुसरा संशय: माप

गोणीबरोबर आलेला कप, स्टीलची वाटी, मूठ, यांपैकी काहीही माप म्हणून चालत नाही. एकाच कपात एका खाद्याचे ८५ ग्रॅम बसतात तर दुसऱ्याचे ११०, कारण दाण्यांचा आकार आणि फुगवटा वेगळा. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा वापरा. पोटात जास्त गेलं की न पचलेला भाग मोठ्या आतड्यात जातो, तिथे आंबतो आणि पाणी ओढतो. अशी कितीतरी पोटं माप १० ते १५ टक्के कमी केल्यावर आठवड्यात सुधारतात, खाद्य न बदलता.

किती द्यायचं याचा हिशेब मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतो. कुत्र्याचं वजन किलोत घ्या. उचलता येत असेल तर त्याला घेऊन वजनकाट्यावर उभं राहा, मग एकटे उभे राहा, आणि वजाबाकी करा. आता वजन तीनदा एकमेकांशी गुणा आणि उत्तराचं वर्गमूळ दोनदा काढा. येईल त्याला ७० ने गुणा. नुसतं पडून राहायला शरीराला लागणारी रोजची ऊर्जा, किलोकॅलरीत, ही झाली. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी ती १.६ ने गुणायची, नसबंदी न झालेल्यासाठी १.८ ने. दिवसभर फ्लॅटमध्ये लोळणाऱ्या किंवा लठ्ठ कुत्र्यासाठी १.२ ते १.४. चार महिन्यांपुढच्या वाढत्या पिल्लासाठी २, त्याआधी ३.

२० किलोचं उदाहरण घेऊ. २० गुणिले २० गुणिले २० म्हणजे ८०००. वर्गमूळ ८९.४, पुन्हा वर्गमूळ ९.४६. गुणिले ७० म्हणजे ६६२. गुणिले १.६ म्हणजे साधारण १०६०. याच रीतीने ५ किलोच्या स्पिट्झला साधारण ३७५, १० किलोच्या कुत्र्याला ६३०, ३० किलोच्या लॅब्राडोरला १४३५ किलोकॅलरी येतात.

हा आकडा सुरुवातीचा अंदाज आहे. पुढे कुत्र्याच्या बरगड्याच सांगतात. आपल्या हाताची मूठ वळा आणि दुसऱ्या हाताचं बोट बोटांच्या उंच सांध्यांवरून फिरवा. बरगड्या तशा लागल्या तर कुत्रा बारीक आहे. तळहातावरून बोट फिरवल्यासारखं मऊ लागलं तर जाड. हात सरळ करून मागच्या बाजूने बोट फिरवल्यावर जसं लागतं, तसं लागलं की बरोबर. दर दोन आठवड्यांनी पाहा आणि माप दहा टक्क्यांनी वरखाली करा. लातूर-सोलापूर भागातली कारवानी, पश्मी कुत्री मुळातच सडपातळ असतात. त्यांच्या मागच्या एक-दोन बरगड्या दिसल्या म्हणून त्यांना फुगवू नका.

तिसरा संशय: वरचं खाणं

मध्यम आकाराची एक तेल न लावलेली चपाती साधारण १०० ते १२० किलोकॅलरीची. म्हणजे २० किलोच्या कुत्र्याचा दिवसाचा दहावा हिस्सा एका चपातीत गेला. ग्लुकोज बिस्किट एक साधारण २० चं. ५ किलोच्या स्पिट्झला दिवसभरात घरातल्या पाच जणांनी एकेक बिस्किट दिलं तर त्याच्या पूर्ण जेवणाचा चौथा हिस्सा साखर-मैद्याने भरला. वरचं सगळं मिळून दिवसाच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांत बसवायचं आणि तेवढं मुख्य खाद्यातून कमी करायचं.

दूध हे दुसरं मोठं कारण. पिल्लू मोठं होत जातं तसं दुधातली साखर पचवणारं एन्झाइम कमी होतं, आणि दूध-भाकरीवर वाढवलेल्या कुत्र्यात मऊ शी हीच नेहमीची समजली जाते. दूध आठवडाभर पूर्ण बंद करून बघा. दही बहुतेकांना दुधापेक्षा सोसतं, पण ज्याचं पोट चालू आहे त्याला तेही नको.

ताटातलं उरलेलं, तर्री, तळणीचं तेल, मटणाची चरबी हे पातळ शीपर्यंतच थांबत नाही. एकदम खूप चरबी गेली तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते आणि ती जीवावर बेतते. आपल्या रश्श्यात कांदा-लसूण असतोच, आणि दोन्हींमुळे कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, शिजवले तरी. द्राक्षं, मनुके, बेदाणे यांनी मूत्रपिंड बंद पडू शकतं, आणि किती खाल्ल्यावर पडेल याचा भरवसा नाही. नाशिक-तासगावकडे घरात बेदाणा कायम उघडा असतो, तिथे डब्याला घट्ट झाकण हवंच. ‘शुगर फ्री’ गोळ्यांतलं झायलिटॉल, चॉकलेट आणि शिजवलेली हाडं हेही याच यादीतलं. कोंबडीचं शिजलेलं हाड फुटलं की त्याच्या सुया होतात.

चौथा संशय: गोणी

ही बाजू फार दुर्लक्षित राहते. पेट शॉपमध्ये किंवा किराणा दुकानात मोठी गोणी फोडून पारदर्शक पिशव्यांतून किलोवर विकलं जाणारं सुटं खाद्य स्वस्त दिसतं. त्या पिशवीवर उत्पादनाची तारीख नाही, बॅच नंबर नाही, ते पिल्लाचं की मोठ्याचं हेही नाही. गोणी कधी फोडली ते दुकानदारालाही आठवत नसतं. दाण्यांवर बाहेरून चरबीचा थर फवारलेला असतो. हवा आणि उजेड लागला की तो खवट होतो, जीवनसत्त्वं उतरतात, ओल लागली की बुरशी धरते. दाणा हातात घेऊन चुरडा आणि वास घ्या. जुन्या शेंगदाण्यासारखा किंवा रंगासारखा उग्र वास आला तर ते खाद्य टाकून द्या.

बुरशीचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. ते शिजवून किंवा उन्हात वाळवून जात नाही. अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये मक्यातून आलेल्या या विषामुळे तयार खाद्य परत मागवावं लागलं होतं, आणि जानेवारी २०२१ पर्यंत ११० हून अधिक कुत्र्यांच्या मृत्यूची नोंद झाली होती. बंद गोणीतही असं होऊ शकतं, मग पावसाळ्यात उघड्या पोत्यातल्या खाद्याचा विचार करा.

सुटं घेणं बंद करा. त्याऐवजी गोणीचा आकार नीट निवडा. उघडलेली गोणी चार ते सहा आठवड्यांत संपली पाहिजे, कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात तर महिन्याच्या आत. २० किलोच्या कुत्र्याला रोज ३०० ग्रॅम लागतात, तर १० किलोची गोणी ३३ दिवस जाते. हा त्याचा योग्य आकार. २० किलोची गोणी किलोमागे स्वस्त पडते, पण ती ६६ दिवस चालेल आणि शेवटचे तीन-चार आठवडे तो शिळं खाईल. ५ किलोच्या कुत्र्याला रोज १०५-११० ग्रॅम, म्हणून ३ किलोची पिशवी. शेजारी तेच खाद्य खाणारा कुत्रा असेल तर मोठी गोणी एकाच दिवशी उघडून दोघांत वाटून घ्या, आणि लेबल, बॅच नंबर, तारखेचा फोटो दोघांकडे ठेवा. हा स्वस्तात पडणारा फार चांगला मार्ग आहे.

खाद्य डब्यात ओतू नका. मूळ पिशवीतली हवा काढून, तोंड गुंडाळून, क्लिप लावून ती पिशवीच झाकणाच्या डब्यात ठेवा. प्लास्टिकच्या पिंपात सरळ ओतलं की कडांना तेलाचा थर बसतो, तो खवट होतो आणि पुढच्या ताज्या गोणीलाही लागतो. पिंपच वापरायचं असेल तर दर गोणीनंतर साबणाने धुऊन पूर्ण कोरडं करा. गॅलरीत, गॅसजवळ किंवा बाथरूमच्या भिंतीला लावून ठेवू नका.

पोटातले भाडेकरू

मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी जंताचं औषध. पिल्लाला दोन आठवड्यांच्या वयापासून दर दोन आठवड्यांनी बारा आठवड्यांपर्यंत, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा, वजनानुसार. शेपटीखाली भाताच्या शितासारखे तुकडे दिसले तर तो पट्टकृमी असतो. तो पिसवांमधून येतो, म्हणून नुसती गोळी देऊन पिसवा तशाच ठेवल्या तर परत येणार. शी कधी ठीक, कधी पातळ, कधी शेंबडी, असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर ताजी शी डबीत घालून तपासायला द्या आणि जिआर्डिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीसाठी बघायला सांगा. जंताच्या नेहमीच्या एका गोळीने तो जात नाही. ही तपासणी खाद्याची नवी गोणी आणण्यापेक्षा स्वस्त पडते.

आता खाद्य: किलोचा भाव सोडा, दिवसाचा भाव काढा

वरचं सगळं तपासून झालं आणि तरी शी ढिगाने, मऊ होते, अंगावरची केसं रुक्ष आहेत, तर खाद्य बदलायचं.

पिशवीच्या मागच्या बाजूला प्रथिनं, चरबी, तंतू, ओलावा यांचे आकडे असतात. पुढचं चित्र बघू नका. पहिल्यांदा ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ हे शब्द आणि कोणत्या वयासाठी ते शोधा. ‘कॉम्प्लिमेंटरी’ किंवा ‘सप्लिमेंटल’ लिहिलेलं खाद्य रोजचं मुख्य जेवण होऊ शकत नाही, मग त्यात कितीही चिकन असो. अमेरिकेतल्या आफको या संस्थेच्या निकषांप्रमाणे ओलावा वगळून प्रौढ कुत्र्याच्या खाद्यात किमान १८ टक्के प्रथिनं आणि ५.५ टक्के चरबी हवी. वाढत्या पिल्लाच्या आणि गाभण किंवा दूध पाजणाऱ्या कुत्रीच्या खाद्यात २२.५ आणि ८.५. हा तळ आहे. निरोगी प्रौढ कुत्र्यासाठी २२ ते २६ टक्के प्रथिनं आणि १० ते १५ टक्के चरबीचं कोरडं खाद्य पुरेसं होतं. त्याहून जास्त आकड्यासाठी जादा पैसे मोजायची गरज नसते.

आता ऊर्जा. पिशवीवर लिहिलेली असेल तर उत्तम. नसेल तर १०० मधून प्रथिनं, चरबी, तंतू, ओलावा आणि राख (म्हणजे खाद्यातली खनिजं) वजा करा. राखेचा आकडा नसेल तर ८ धरा. उरतं ते पिष्ट. प्रथिनं गुणिले ३.५, चरबी गुणिले ८.५, पिष्ट गुणिले ३.५, या तिन्हींची बेरीज म्हणजे १०० ग्रॅममधल्या किलोकॅलरी.

तीन पिशव्या समोर धरू. भाव समजुतीसाठी आहेत, तुमच्या दुकानातले घाला. पहिली १७० रुपये किलो: प्रथिनं २०, चरबी ८, तंतू ५, ओलावा १२, राख ९, म्हणून पिष्ट ४६. ऊर्जा ७० अधिक ६८ अधिक १६१, म्हणजे २९९. दुसरी २६० रुपये किलो: २६, १४, ३, १०, ७, पिष्ट ४०. ऊर्जा ९१ अधिक ११९ अधिक १४०, म्हणजे ३५०. तिसरी ४८० रुपये किलो, ‘ग्रेन फ्री’: ३२, १८, ३, ९, ९, पिष्ट २९. ऊर्जा ३६६ च्या आसपास.

आपल्या २० किलोच्या कुत्र्याला १०६० किलोकॅलरी हव्यात. पहिलं खाद्य रोज ३५५ ग्रॅम लागेल, खर्च ६० रुपये. दुसरं ३०३ ग्रॅम, ७९ रुपये. तिसरं २९० ग्रॅम, १३९ रुपये. पहिल्या-दुसऱ्यात किलोमागे ५३ टक्क्यांचा फरक होता, दिवसाला तो ३१ टक्क्यांवर आला. शिवाय हा हिशेब दोन्ही सारखीच पचतात असं धरून केलाय. प्रत्यक्षात कोंडा आणि हलक्या प्रतीचं प्रथिन जास्त असलेल्या खाद्यातलं बरंचसं तसंच बाहेर पडतं, आणि तेच रस्त्यावर पिशवीने उचलावं लागतं. पहिल्यावर कुत्र्याची शी घट्ट, केसं चकचकीत, वजन स्थिर असेल तर ते बदलायचं काहीच कारण नाही. नसेल तर दुसऱ्यावर या. तिसऱ्यावर उडी मारायची गरज फार थोड्या कुत्र्यांना असते.

धान्य नसलेलं म्हणजे चांगलं हा समज महागात पडतो. शिजवलेला तांदूळ, मका, गहू बहुतेक कुत्र्यांना नीट पचतात. उलट डाळी-वाटाण्यांवर बेतलेल्या ग्रेन फ्री खाद्यांचा आणि हृदयाचे स्नायू ढिले पडण्याच्या आजाराचा संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या एफडीएने जुलै २०१८ मध्ये जाहीर केली होती. कारण सिद्ध झालेलं नाही, पण जादा पैसे देऊन ही शंका घरात आणण्यात अर्थ नाही.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, आणि ते वजन प्रक्रियेआधीचं. ‘ताजं चिकन’ पहिलं असलं तरी त्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते उडाल्यावर त्याचा नंबर बराच खाली जातो. ‘चिकन मील’ हे नाव ऐकायला साधं, पण ते वाळवलेलं असल्यामुळे त्यात प्रथिन भरपूर असतं. आणखी एक खुबी: मका, मक्याचं ग्लुटेन, मक्याचा कोंडा असे तीन तुकडे करून लिहिले की प्रत्येक तुकडा यादीत खाली दिसतो आणि मांस वर चढतं. तिन्ही मनात एकत्र करून वाचा. लाल-हिरवे दाणे तुमच्यासाठी रंगवलेले असतात. लेबलवरचं प्रथिन नायट्रोजन मोजून काढलेलं असतं, ते पचतं का हे तो आकडा सांगत नाही. २००७ मध्ये उत्तर अमेरिकेत गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन हे नायट्रोजन भरपूर असलेलं रसायन मिसळून हाच आकडा फुगवला गेला आणि त्यात कितीतरी कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी झाली. म्हणून स्वतःचा कारखाना, पूर्ण पत्ता, ग्राहक क्रमांक आणि बॅच नंबर स्पष्ट छापणारी कंपनी निवडा. ‘प्रति १०० ग्रॅम ऊर्जा किती’ असं फोनवर विचारा. उत्तर देता आलं नाही तर ती पिशवी सोडा.

डब्यातल्या ओल्या खाद्यावर प्रथिन ८ टक्के दिसलं तर घाबरू नका. त्यात ८० टक्के पाणी असतं. उरलेल्या २० मध्ये ८, म्हणजे कोरड्या हिशेबात ४० टक्के. पण पाण्याचे पैसे देतोय हेही खरं. रोजच्यासाठी ते परवडत नाही.

घरचं खाणं घालून खर्च कमी करायचाय?

करता येतो, पण मर्यादेत. चांगल्या तयार खाद्याला दहा टक्क्यांपर्यंत घरची जोड दिली तर समतोल बिघडत नाही. २० किलोच्या कुत्र्याला ही जोड म्हणजे एक उकडलेलं अंडं आणि दोन चमचे भात. कोकणात आणि मुंबईत तारली स्वस्त मिळते तेव्हा प्रेशर कुकरमध्ये काटे मऊ होईपर्यंत शिजवून द्या, मीठ-हळद काही नको. मासे कच्चे देऊ नका. सुकट-जवळा खारट असतो, तो टाळा. कोंबडीची कलेजी स्वस्त आणि पौष्टिक, पण रोज ढीगभर दिली तर अ जीवनसत्त्व अंगात साठून त्रास होतो. एकूण खाण्याच्या पाच टक्क्यांपुढे नको.

पूर्ण जेवणच घरी करायचं असेल तर भात-चिकन किंवा भाकरी-दूध यांवर कुत्रा जगतो, पण हळूहळू झिजतो. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. शरीर ती तूट हाडांतून भरून काढतं. पिल्लाचे पाय वाकतात, साध्या उडीत हाड मोडतं. प्रौढ कुत्र्याला दर १००० किलोकॅलरीमागे सव्वा ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम हवं. अंड्याचं कवच दहा मिनिटं उकळून, वाळवून, मिक्सरमध्ये पिठासारखं दळलं तर एका चहाच्या चमच्यात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम येतं. म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला रोज पाऊण चमच्याहून थोडं कमी. पण जस्त, आयोडीन, तांबं, ड आणि ई जीवनसत्त्व यांची तूट कवचाने भरत नाही. त्यासाठी डॉक्टरांनी ठरवून दिलेलं मिश्रण लागतंच. हे धरून हिशेब केला की घरचं जेवण मधल्या दर्जाच्या तयार खाद्यापेक्षा स्वस्त पडेलच असं नाही.

याच्या उलट चूक लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलरच्या पिल्लांत होते. पूर्ण समतोल पपी फूड चालू असताना वर कॅल्शियमचं सिरप. मोठ्या जातीच्या पिल्लाला जादा कॅल्शियम बाहेर टाकता येत नाही आणि हाडांची वाढ बिघडते. पिशवीवर मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी असं स्पष्ट लिहिलेलं खाद्य घ्या आणि सिरप बंद करायचं का ते डॉक्टरांना विचारा.

शाकाहारी घरांत वरण-भात-तूप हे पूर्ण जेवण समजू नका. त्यात प्रथिन कमी पडतं, मेथिओनिन हा प्रथिनातला घटक आणि बी-१२ तर फारच. हिरव्या खुणेचं पण ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ लिहिलेलं तयार शाकाहारी खाद्य मिळतं, ते द्या. घरात अंडं चालत असेल तर त्याची जोड फार मोलाची.

पोट बिघडलेल्या दिवसांत काय द्यायचं

२० किलोच्या कुत्र्याला दिवसभरात शिजलेला मऊ भात ४०० ग्रॅम आणि बिनहाडाचं, बिनकातडीचं उकडलेलं चिकन २०० ग्रॅम, चार वेळांत वाटून. मीठ, तेल, हळद, काही नाही. एक-दोन चमचे शिजवलेला लाल भोपळा कालवला तर शी बांधायला मदत होते. पाणी कायम समोर. शी घट्ट झाली की आणखी एक दिवस हेच, आणि मग तीन-चार दिवसांत नेहमीच्या खाद्यावर मिसळत आणा. हे जेवण आठवड्याच्या पुढे नेऊ नका, कारण कॅल्शियमची तूट इथेही आहेच. पिल्लाला उपाशी ठेवू नका.

हे सगळं करूनही दीड-दोन महिने त्रास फिरून येत असेल आणि जोडीला पंजे चाटणं, कान खाजवणं असेल तर खाद्याच्या ॲलर्जीचा विचार करावा लागतो. कुत्र्यांत ती बहुतेकदा बीफ, दूध, चिकन किंवा गव्हाची निघते. रक्ततपासणीने ती खात्रीने कळत नाही. आजवर न खाल्लेल्या एकाच प्रथिनावर आठ आठवडे ठेवून, वरचा एक घासही न देता, मग जुनं खाद्य परत देऊन बघणं हीच पद्धत, आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायची. जाताना दहा दिवसांची वही, ताजी शी, आणि खाद्याच्या पिशवीच्या मागच्या बाजूचा बॅच नंबर दिसेल असा फोटो बरोबर न्या.